हाडे दुखतात म्हणून कॅल्शियम? आधी रक्तातले कॅल्शियम तपासा



मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कवठे येमाईच्या आमच्या वस्तीतून सकाळी सहाच्या सुमारास फोन आला. पलीकडून एका घरची सून बोलत होती. "ताई, आत्या आज मला ओळखेनात. परवापासून उलट्या होतायत. शेजारच्या बाया म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे. अंगारा लावून झाला. आता काय करू?"

या आत्या म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आक्का. वय ५२. जन्मभर दुसऱ्याच्या रानात रोजाने खुरपणी आणि कांदाकाटणी केलेली. गेली पाच-सहा वर्षे कंबर, गुडघे आणि मांड्या दुखतात ही त्यांची तक्रार. दोनदा मुतखडा झाला, तो "बोअरच्या पाण्याने" झाला असे सगळ्यांनी ठरवले. अंगणात नुसत्या घसरल्या आणि मनगट मोडले, ते "वयामुळे" मोडले असे ठरवले. पोट साफ होत नाही, काही खावेसे वाटत नाही, उगीच रडू येते, हे सारे "मालक गेल्याचं दुःख" म्हणून सोडून दिले. प्रत्येक दुखण्याला वेगळे कारण सापडले. सगळ्या दुखण्यांचे कारण एकच असेल, असा विचार कुणी केला नाही.

आम्हीही केला नाही. विहारात आम्ही महिन्यातून एकदा वजन, रक्तदाब आणि साखर तपासतो. दोन वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या शिबिरात आक्का म्हणाल्या, "हाडं लई दुखतात गं." आम्ही त्यांना कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि रोज दोन घ्यायला सांगितल्या. रक्त तपासले नाही. इतकी वर्षे परिचारिका म्हणून काम करून आमच्या हातून ही चूक झाली. ती इथे लिहितो, कारण असे कॅल्शियम आज जवळजवळ प्रत्येक शिबिरात वाटले जाते.

त्या सकाळी १०८ ला फोन केला. आधी शिरूर आणि तिथून पुण्याचे मोठे सरकारी रुग्णालय. संध्याकाळी रक्ताचा अहवाल आला. कॅल्शियम १५.२. असायला हवे १०.५ च्या आत. आक्कांच्या हाडांना कॅल्शियम कमी पडत होते आणि त्याच वेळी त्यांच्या रक्तात ते विषासारखे साठले होते. हे कसे होते, ते या लेखात समजून घेऊ.

मसुराएवढ्या चार ग्रंथी

मानेच्या पुढच्या बाजूला कंठाखाली थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथी असते. तिचे नाव आता घरोघर माहीत झाले आहे. तिच्या मागच्या बाजूला चिकटून बहुतेक माणसांना आणखी चार लहान ग्रंथी असतात, प्रत्येक साधारण मसुराच्या दाण्याएवढी. त्यांना परावटू ग्रंथी किंवा पॅराथायरॉइड म्हणतात. नाव सारखे असले तरी थायरॉइडच्या कामाशी यांच्या कामाचा संबंध नाही. थायरॉइडची तपासणी चांगली आली म्हणून या ग्रंथी चांगल्या आहेत असे होत नाही.

त्यांचे काम एकच, रक्तातले कॅल्शियम नेमके ठेवणे. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते. रक्तात असते ते अगदी थोडे, पण हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल आणि मेंदूचे काम त्या थोड्यावर चालते. हाडे म्हणजे घरातली कणगी समजा आणि रक्त म्हणजे रोजच्या वापराचा डबा. डब्यातले कमी झाले की परावटू ग्रंथी एक संप्रेरक सोडतात. तपासणीच्या कागदावर त्याला पीटीएच म्हणतात. ते कणगीतून म्हणजे हाडांतून कॅल्शियम काढते, मूत्रपिंडाला लघवीवाटे कॅल्शियम जाऊ देऊ नको असे सांगते आणि ड जीवनसत्त्वाला कामाला लावून आतड्यातून जास्त कॅल्शियम शोषायला लावते. डबा भरला की ग्रंथी आपोआप शांत होतात.

आजारात काय होते? दर १०० रुग्णांपैकी ८० हून अधिक जणांत चारपैकी एका ग्रंथीवर साधी गाठ येते. ती कर्करोगाची नसते, परावटूचा कर्करोग १०० त एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. काहींच्या चारही ग्रंथी मोठ्या होतात. ही बिघडलेली ग्रंथी डबा भरलेला असला तरी ऐकत नाही. ती कणगी उपसतच राहते. हाडे पोकळ होतात, रक्तात कॅल्शियम वाढते, आणि मूत्रपिंडातून जाणाऱ्या जादा कॅल्शियमचे खडे बनतात.

आता आमची चूक पुन्हा पाहा. कणगी रिकामी झाली म्हणून आम्ही वरून धान्य ओतत होतो. उपसणारा हात मात्र पाहिलाच नाही. आक्कांचा आजार आमच्या गोळ्यांनी झाला नव्हता, पण गोळ्यांनी आगीत तेल पडले आणि खरे कारण शोधायची दोन वर्षे गेली.

ही उलटी समजूत जुनी आहे

या ग्रंथींची पहिली ओळख एका भारतीय एकशिंगी गेंड्यामुळे झाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हा गेंडा मेल्यावर रिचर्ड ओवेन यांनी १८५० च्या सुमारास त्याचे विच्छेदन केले, तेव्हा मानेत एक लहान पिवळसर ग्रंथी दिसली. माणसातल्या ग्रंथींचे वर्णन १८८० साली स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने केले. त्यांचे काम काय हे कळायला पुढे आणखी वर्षे गेली.

१९२५ साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांच्यापुढे ट्रामवर काम करणारा एक कामगार आला. हाडे इतकी ठिसूळ झालेली की मांडीचे हाड मोडले होते. त्या काळी डॉक्टरांची समजूत अशी होती की हाडे खराब झाल्यामुळे ग्रंथी मोठ्या होतात, म्हणजे त्या मदतीला धावतात. म्हणून त्याला आधी परावटूचा अर्क दिला आणि दुसऱ्या माणसाची परावटू ग्रंथीही बसवून पाहिली. काही फायदा झाला नाही. मग मांडल यांनी उलट विचार केला आणि मानेतली वाढलेली गाठच काढली. रुग्णाच्या वेदना कमी झाल्या आणि तो पुन्हा चालू लागला. पुढे काही वर्षांनी त्याचा आजार उलटला, पण वैद्यकशास्त्राला कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्या शस्त्रक्रियेतून कळले.

तथागतांची शिकवण मानणाऱ्यांना हे नवीन नाही. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, आणि कारण दूर केले तर दुःख दूर होते. दुखण्यावर मलम चोळणे सोपे असते. कारण शोधायला मात्र थांबावे लागते, विचारावे लागते, तपासावे लागते.

आपल्याकडे हा आजार उशिरा का सापडतो

पाश्चात्त्य देशांत नेहमीच्या रक्ततपासणीत कॅल्शियम पाहिले जाते, त्यामुळे तिथल्या बहुतेक रुग्णांना त्रास सुरू होण्याआधीच आजार कळतो. आपल्याकडे तसे होत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पश्चिम भारतातल्या अशा रुग्णांचा अनुभव २०१० साली प्रसिद्ध केला. त्यातल्या बहुतेकांना हाडांचा त्रास सुरू झालेला होता आणि पुष्कळ जण तरुण होते. म्हणजे आपल्याकडे हाड मोडल्यावर किंवा खडे झाल्यावर आजार कळतो. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे फार आहे, त्यामुळे हाडांची झीज आणखी वाढते आणि कधी कधी रक्तातले कॅल्शियम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसून आजार झाकला जातो.

दुसरे कारण आपल्या घरात आहे. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, आणि पाळी गेल्यानंतर अधिक. रोजाने जाणाऱ्या बाईचे अंग दुखले तर "कामाचं दुखणं" म्हणून ते झटकले जाते. तीही दवाखान्यात जात नाही, कारण गेली तर त्या दिवसाचा रोज बुडतो.

ओळखायचे कसे

खाली दिलेल्यांपैकी एखादे लक्षण कुणालाही असू शकते. दोन-तीन एकत्र दिसली तर रक्तातले कॅल्शियम एकदा तपासून घ्यावे.

• हाडे : कंबर, मांड्या, नडग्या सतत दुखणे, थोडक्या मारानेही हाड मोडणे, पाठीला बाक येणे, जबड्यावर किंवा हाडावर गाठ येणे.
• मूत्रपिंड : मुतखडा पुन्हा पुन्हा होणे किंवा दोन्ही बाजूंना होणे, सारखी तहान, रात्री अनेकदा लघवीला उठणे. साखर चांगली असूनही अशी तहान लागत असेल तर विशेष लक्ष द्यावे.
• पोट : भूक जाणे, मळमळ, जुनी बद्धकोष्ठता, आम्लपित्त, क्वचित स्वादुपिंडाला सूज.
• मन : उदासी, चिडचिड, विसरभोळेपणा, अंगात त्राण नसणे.
• स्नायू : खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता न येणे, जिना चढताना मांड्या न उचलणे.

गरोदरपणात हा आजार असेल तर आईला आणि बाळाला दोघांना धोका असतो. जन्मानंतर बाळाचे कॅल्शियम अचानक उतरून त्याला झटके येऊ शकतात. एकाच घरात दोघांना हा आजार असेल, किंवा तरुणपणीच झाला असेल, तर तो आनुवंशिक असू शकतो. अशा घरातल्या इतरांनीही तपासून घ्यावे.

आकडे कसे वाचायचे

कॅल्शियम दर १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम, असे मोजतात. प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक असतो, पण साधारण असे :

• ८.५ ते १०.५ : योग्य.
• १०.५ ते १२ : वाढलेले. घाबरू नये, पण कारण शोधावेच.
• १२ ते १४ : बरेच वाढलेले. लगेच डॉक्टरांना दाखवावे. उलट्या किंवा भ्रम असेल तर दाखल व्हावे.
• १४ च्या वर : जिवाला धोका. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठे रुग्णालय.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रक्तातले निम्म्याच्या आसपास कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेले असते. अंगात प्रथिने कमी असतील तर कॅल्शियम खोटे कमी दिसते. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितके कमी, त्या प्रत्येक एककामागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवतात. समजा कॅल्शियम १०.४ आले, म्हणजे वरवर चांगले, पण अल्ब्युमिन २.५ आहे. मग दीड एकक कमी, म्हणून १.२ मिळवायचे. खरा आकडा ११.६. कुपोषित बाईच्या बाबतीत हा हिशेब विसरू नये, म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र कराव्यात. दुसरे, रक्त घेताना दंडाला पट्टा फार वेळ घट्ट बांधून ठेवला तर आकडा खोटा जास्त येऊ शकतो. किंचित वाढलेला अहवाल आला तर एकदा पुन्हा तपासावा.

जीव धोक्यात कसा येतो

कॅल्शियम फार वाढले की मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवता येत नाही. लघवी भरपूर होते, अंगातले पाणी कमी होते. पाणी कमी झाले की मूत्रपिंड कॅल्शियम बाहेर टाकू शकत नाही, ते आणखी वाढते. मग मळमळ आणि उलट्या सुरू होतात, पाणी पोटात टिकत नाही, आणि कॅल्शियम झपाट्याने चढते. पुढे गुंगी, भ्रम, हृदयाच्या ठोक्यांत बिघाड, मूत्रपिंड निकामी होणे आणि बेशुद्धी.

म्हणून जुलाब, ताप, कडक उन्हातले काम, पाणी न पिणे, आजारपणात अंथरुणाला खिळणे यांपैकी कशानेही शांत बसलेला आजार अचानक भडकू शकतो. आक्का त्या आठवड्यात भर उन्हात कांदाकाटणीला जात होत्या.

माणूस भ्रमात बडबडू लागला, आपल्या माणसांना ओळखेनासा झाला, की आपल्याकडे अजूनही अंगारा आणि गंडादोरा पुढे येतो. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा आपण विहारात म्हणतो, पण मध्यरात्री घरातले माणूस बरळू लागले की भीती वाटते आणि शेजारीण सांगेल ते केले जाते. त्या बायांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या हाताशी दुसरे उत्तर नव्हते. ते उत्तर त्यांच्या हातात देणे हे आपले काम आहे. अचानक आलेला भ्रम हा शरीराचा आजार असतो. साखर कमी-जास्त, सोडियम कमी, मेंदूला ताप, अर्धांगवायू किंवा कॅल्शियम. यातले एकही अंगाऱ्याने उतरत नाही आणि प्रत्येकात वेळ महत्त्वाचा असतो.

घरी काय करावे

१. १०८ ला फोन करावा. वाट पाहत असताना रुग्णाला कुशीवर झोपवावे, म्हणजे उलटी घशात अडकत नाही.
२. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असेल आणि उलटी होत नसेल तर घोट घोट पाणी द्यावे. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नये.
३. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि खडूसारख्या आम्लपित्ताच्या गोळ्या बंद कराव्यात.
४. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, जुने कागद, मुतखड्याचे अहवाल एका पिशवीत घालून बरोबर न्यावेत. रक्तदाबासाठीच्या थायझाइड जातीच्या लघवीच्या गोळ्या आणि मानसिक आजारासाठीचे लिथियम यांनी कॅल्शियम वाढते. हृदयाचे डिगॉक्सिन चालू असेल तर ते पहिल्यांदा सांगावे, कारण कॅल्शियम वाढलेले असताना ते धोक्याचे ठरते. डॉक्टरांना ही माहिती मिळाली तर तास वाचतात.
५. "हाडांचे दुखणे, मुतखडा आणि आता भ्रम आहे. कॅल्शियम तपासता का?" असे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. विचारणे हा आपला हक्क आहे.

रुग्णालयात काय करतात

उपचार डॉक्टर ठरवतात. पण काय चालले आहे हे नातेवाइकांना माहीत असले तर भीती कमी होते आणि मदतही करता येते.

पहिले औषध म्हणजे सलाइन, साधे मिठाचे पाणी. सुरुवातीला ते भराभर देतात. पहिल्या २४ तासांत अनेकदा ३ ते ४ लिटर, कधी त्याहून जास्त. पाणी भरले की मूत्रपिंड पुन्हा काम करू लागते आणि कॅल्शियम बाहेर पडते. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर बेताने देतात. या वेळी किती पाणी गेले आणि किती लघवी झाली याची नोंद फार महत्त्वाची असते. लघवी न मोजता फेकू नये, परिचारिकेला दाखवावी. दम लागला किंवा पायाला सूज आली तर लगेच सांगावे. लघवी वाढवणारे इंजेक्शन सगळ्यांना देत नाहीत, अंगात पाणी जास्त झाले तरच देतात.

दुसरे कॅल्सिटोनिनचे इंजेक्शन. ते चार-सहा तासांत कॅल्शियम थोडे खाली आणते, पण दोन दिवसांत त्याचा असर कमी होतो.

तिसरे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड. हे शिरेतून, १५ मिनिटांपेक्षा कमी वेळात नाही, असे हळू देतात. ते हाडांची झीज थांबवते, पण असर दिसायला दोन ते चार दिवस लागतात. म्हणून "इंजेक्शन देऊनही कॅल्शियम उतरले नाही" असे म्हणून दुसऱ्याच दिवशी रुग्ण उचलून नेऊ नये. मूत्रपिंड खराब असेल तर डॉक्टर दुसरे औषध निवडतात. कशानेच उतरले नाही तर डायलिसिस करतात.

हृदयाच्या पट्टीवर लक्ष, रोज कॅल्शियम आणि मूत्रपिंडाची तपासणी हे सगळे बरोबरीने चालते. आक्का तिसऱ्या दिवशी सुनेला नावाने हाक मारू लागल्या. पाचव्या दिवशी कॅल्शियम ११.८ होते.

कॅल्शियम उतरले म्हणजे आजार बरा झाला नाही

पुष्कळ रुग्ण इथेच घरी येतात आणि काही महिन्यांनी तशाच अवस्थेत परत जातात. सलाइनने डबा रिकामा होतो, उपसणारा हात तसाच असतो.

कारण शोधायला पीटीएच तपासतात. कॅल्शियम वाढलेले असताना पीटीएचही वाढलेले किंवा जागच्या जागी असेल तर दोष परावटूचा. पीटीएच अगदी खाली असेल तर कारण दुसरे : काही कर्करोग, क्षयासारखे काही आजार, किंवा ड जीवनसत्त्वाचा अतिरेक. यातले शेवटचे कारण आपल्याकडे हल्ली दिसते. सहा लाख युनिटचे ड जीवनसत्त्वाचे इंजेक्शन कंबरदुखीवर पुन्हा पुन्हा घेतले जाते. ते जीवनसत्त्व चरबीत साठते आणि कॅल्शियम चढवते. असे इंजेक्शन तपासणीशिवाय घेऊ नये. तसेच पीटीएच वाढलेले पण कॅल्शियम कमी किंवा ठीक असेल तर बहुधा ड जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असतो. त्याचा उपचार वेगळा आहे.

परावटूची गाठ असेल तर कायमचा उपाय शस्त्रक्रिया. आधी मानेची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी नावाचे स्कॅन करून कोणती ग्रंथी बिघडली ते पाहतात. कधी ही ग्रंथी छातीतही दडलेली असते. म्हणून हे काम अनुभवी शल्यविशारदाकडेच व्हावे. गाठ निघाली की बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, हाडे पुन्हा भरू लागतात. शस्त्रक्रिया करण्याजोगी प्रकृती नसेल तर सिनाकॅल्सेटसारख्या गोळ्यांनी कॅल्शियम आवरता येते.

शस्त्रक्रियेनंतर एक उलटा प्रसंग येतो, तो माहीत हवा. उपसणारा हात गेला की भुकेली हाडे रक्तातले कॅल्शियम भराभर ओढून घेतात. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, हात-पाय वळतात, झटकेही येऊ शकतात. अशा वेळी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यावेच लागते. आक्कांना दुसऱ्या दिवशी बोटांना मुंग्या आल्या. त्यांनी सांगायला उशीर केला, कारण त्यांना वाटले, "कॅल्शियमनंच तर मरायला टेकले होते, आता परत तेच कशाला?" औषध तेच, पण आधी ते विष होते आणि आता गरज. फरक रक्ताच्या तपासणीने कळतो, अंदाजाने नाही.

खाण्यापिण्याचे काय

पुष्कळ जण घाबरून दूध, नाचणी, भाजी बंद करतात. तसे करू नये. या आजारात रोजचे साधे जेवण चालू ठेवावे, दूध-दही बेताने घ्यावे. आहारातले कॅल्शियम फार तोडले तर ग्रंथी हाडे आणखी उपसते. पाणी भरपूर प्यावे, रानात जाताना बाटली बरोबर न्यावी. शक्य तेवढे चालते-फिरते राहावे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी रक्त पाहून सांगितल्या तरच घ्याव्यात.

यावरून कुणी असाही अर्थ काढू नये की कॅल्शियमच्या गोळ्या वाईट. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. आमचे म्हणणे वर्षानुवर्षे हाडे दुखणाऱ्या, मुतखडा झालेल्या माणसाला तपासणीशिवाय गोळ्या देण्याविषयी आहे.

खर्च आणि आपला हक्क

रक्तातल्या कॅल्शियमची तपासणी महाग नाही. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे, तिथे होत नसेल तर ग्रामीण रुग्णालयात. पीटीएच, स्कॅन आणि शस्त्रक्रिया यांसाठी मोठे रुग्णालय लागते. तिथे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवावे. कोणता उपचार योजनेत बसतो हे त्याच्याकडून स्पष्ट विचारून घ्यावे. घरी येताना सगळ्या अहवालांच्या प्रती आणि डिस्चार्ज कार्ड मागून घ्यावे.

विहाराने काय करावे

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली, उचलून अंथरुणावर ठेवले. मग इतर भिक्खूंना बोलावून एकमेकांची सेवा करायला सांगितले. विहारातले आरोग्याचे काम आम्ही याच वाटेवरचे समजतो.

आक्कांच्या आजारानंतर आमच्या शिबिरात आम्ही तीन बदल केले. प्रत्येक विहाराला ते करता येतील.

एक, हाडांचे दुखणे सांगणाऱ्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतो : मुतखडा झाला होता का? थोडक्याने हाड मोडले का? तहान आणि लघवी जास्त आहे का? एकाचेही उत्तर हो आले तर गोळी न देता चिठ्ठी देतो आणि कॅल्शियम, अल्ब्युमिन तपासायला पाठवतो.

दोन, तपासणीला जाणाऱ्या बाईबरोबर एकीने जायचे, असे मंडळाने ठरवले आहे. एकटी बाई रांग पाहून परत येते, दोघी असल्या की अहवाल घेऊनच येतात.

तीन, विहाराच्या भिंतीवर १०८ क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. त्याखाली लिहिले आहे : माणूस अचानक बरळू लागला तर आधी दवाखाना.

आक्कांच्या मानेवर आता आडवा बारीक व्रण आहे. हाडे भरायला वेळ लागेल, पण जमिनीवरून त्या हात न टेकता उठतात. परवा शिबिरात एक मावशी आमच्याकडे कंबरदुखीवर गोळी मागत होत्या. आम्ही काही बोलायच्या आधीच आक्का त्यांना म्हणाल्या, "थांब बाई. आधी रगत तपासून ये. मी येते तुझ्यासंगं."

जयभीम. नमो बुद्धाय.